साडूभाऊंचा दम

कबड्डीसाठी आमच्या थोरल्या साडूभाऊंइतका घाम गाळलेला माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि मैदानात त्यांनी उभ्या जन्मात एकदाच पाऊल टाकलं. ते प्रेक्षक होते. पण कसे! त्यांच्या झरी गावचा गडी चढाईला निघाला की चुन्याच्या रेघेबाहेर उकिडवे बसलेले साडूभाऊ त्याच्याबरोबर दम धरायचे. जुन्या वळणाचं 'हुतूतू हुतूतू' एका श्वासात सुरू. गडी परतेपर्यंत तोडायचं नाही. एकदा भर चढाईत त्यांचा मेहुणा धावत आला, "दाजी, पोरगी झाली!" साडूभाऊंनी आभाळाकडं बघून हात जोडले, डोळ्यांतून पाणी काढलं, हुतूतू मात्र अखंड. "मग पोरीचं नाव बी तेच ठिवा," हे बाळंतिणीनं पुढं वर्षभर ऐकवलं.

पूर्वी सगळं मैदानच असं असायचं. चढाई सुरू झाली की पानवाल्याचा अडकित्तासुद्धा थांबायचा. मग ट्रान्झिस्टर आले. माणसं डोळ्यांनी कबड्डी बघू लागली आणि कानांनी क्रिकेट. साडूभाऊ तडकायचे, "आरं, जेवायला हितं बसलाव अन् वास तिकडचा काय घ्यायलाव?" पोरं म्हणायची, "काका, डोळे हायेत की तुमच्याकडंच!"

एका वर्षी वालूरला, वालूरच्याच संघाशी झरीचा अंतिम सामना होता. झरीनं ढाल कधीच जिंकली नव्हती. गुण बरोबरीत, चढाई शेवटची. वालूरच्या तिघांनी झरीच्या गड्याला कमरेत धरून आडवा केला, तरी तो दम टिकवून मधल्या रेघेकडं सरकत होता. बोट आणि रेघ यांत वीतभर अंतर. रेघेबाहेर साडूभाऊ जांभळे पडलेले. तेवढ्यात ट्रान्झिस्टरमध्ये चौकार गेला आणि गर्दी उसळली. धुळीत तोंड खुपसलेल्या गड्याला वाटलं, आपलाच हात पोचला. त्यानं दम सोडला. शिट्टी झाली. गडी बाद, ढाल वालूरची.

साडूभाऊंचं हुतूतू मात्र चालूच. ते तरातरा मैदानात शिरले, पंचांपुढं उभे राहिले आणि बोटानं स्वतःचं तोंड दाखवू लागले: हा बघा, झरीचा दम अजून तुटलेला नाही!

पंच म्हणाले, "मालक, दम खेळणाराचा धरतेत. बघणाराचा न्हाई."

मैदान हसून लोळलं. साडूभाऊंचं हुतूतू तिथं तुटलं.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "थोडक्यात हुकलं हो साडूभाऊ." पुढच्या बाकावर कुणीतरी कुणाला तरी स्कोर विचारत होतं. साडूभाऊंनी तिकडं एकदा बघितलं.

"हुकल्याचं काय न्हाई, पाव्हणं," ते हळूच म्हणाले. "पर एकट्यानं किती येळ धरायचा?"