इथं असं कोणी नाही

माझे वडील फाटकावर उभे होते, मी आत दोनशे पावलांवर बसलो होतो, आणि फोनवर मी म्हणालो, "इथं असं कोणी नाही." हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सांगता सांगता मी स्वतःची बाजू सावरायला लागेन, आणि त्यात मी पटाईत आहे.

नव्वदीचं दशक संपून दोन-तीन वर्षं झाली होती. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे काय, एक खोली, चार मशीन, दोन ऑपरेटर, मी आणि आमच्या मॅडम. मॅडम चाळिशीच्या, नगरातल्या पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी केलेल्या घरातल्या. बोलायला फटकळ, पण डबा उघडला की अर्धी पोळीभाजी माझ्यापुढे सरकवल्याशिवाय स्वतः घास घ्यायच्या नाहीत. खोलीतला एकुलता एक फोन त्यांच्या टेबलावर असायचा.

आता आडनावाचं. डिप्लोमा संपवून कर्जतहून नगरला आलो तेव्हा खोली शोधत फिरलो. घरमालक आधी पाणी विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. आयला, गावातल्या सगळ्या खोल्या नेमक्या कालच कशा जातात! चार वेळा असं झालं. पाचव्या ठिकाणी मी माझं नाव सांगितलं, पुढे वडिलांचं नाव जोडलं आणि तोंड मिटलं. वडिलांचं नाव असं होतं की आडनाव म्हणून सहज खपून जायचं. खोली मिळाली.

नोकरीतही तेच केलं. सर्टिफिकेटं कारखान्याच्या मालकांच्या कपाटात बंद होती, त्यांवर आडनाव होतं. पण हजेरीपटावर आणि फाटकावरच्या यादीत मी सांगितलं तेवढंच नाव लागलं. मॅडमनी कधी खोदून विचारलं नाही. विचारलं असतं आणि मी खरं सांगितलं असतं, तर त्यांनी डबा सरकवणं थांबवलं असतं का? आजही मला माहीत नाही. मी त्या बाईंना परीक्षेला बसूच दिलं नाही, मनातल्या मनात नापास करून मोकळा झालो.

घरी यातलं कोणाला काही ठाऊक नव्हतं. वडिलांना, म्हणजे दादांना, तर नाहीच नाही. दादा रस्त्याच्या कामावर मुकादम होते. नऊ वर्षांचे असताना आजोबांचं बोट धरून दीक्षा घ्यायला गेलेला माणूस. समोर मोठा साहेब असो की कंत्राटदार, त्यांचा पहिला शब्द 'जय भीम', आणि त्यानंतर पूर्ण नाव, आडनावासकट, खणखणीत. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. नगरला आल्यावर मला त्याची भीती वाटायला लागली, हे लिहितानाही लाज वाटते.

त्या आठवड्यात आमच्या डोक्याचा भुगा झाला होता. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला हवं होतं, की त्यांच्या ऑर्डरींची चौकशी आमच्या मशीननं त्यांच्या मशीनकडे परस्पर करावी. निरोप एक्सएमएलमध्ये जायचे-यायचे, म्हणजे प्रत्येक माहितीला तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली. प्रोग्रॅम आम्ही लिहिलेलाही नव्हता. गिऱ्हाइकानं त्यांच्या सेवेचं वर्णन असलेली एक फाईल आणि एक टूल दिलं होतं. फाईल टूलला घातली की ते आमच्या बाजूचा कोड आपोआप लिहून द्यायचं. शेकडो ओळी. चुकलं तर शिव्या कोणाला घालाव्यात तेही कळेना. आणि सोमवारी गिऱ्हाइकाचा माणूस बघायला येणार होता.

अडचण अशी, की उत्तर यायचं, पण आमच्या कोडच्या हाती काही लागायचं नाही. चूक दाखवावी, बोंब मारावी, तेही नाही. गुपचूप रिकामी यादी. मी आलेलं उत्तर कागदावर छापून काढलं. त्यात ऑर्डर होती, नग होते, तारखा होत्या, सगळं होतं. कोड मात्र म्हणायचा, काहीच नाही. त्या उत्तरात प्रत्येक नावाच्या आधी दोन-तीन अक्षरांचा उपसर्ग होता. आम्हाला वाटलं, तोच नडतोय. तीन दिवस आम्ही साठवलेल्या उत्तरातले उपसर्ग काढले, बदलले, पुन्हा लावले. यादी रिकामी ती रिकामीच.

शुक्रवारी जेवण झाल्यावर फोन वाजला. मॅडम कागदांत गुंतल्या होत्या, त्यांनी मला खुणावलं. मी उचलला. फाटकावरचा वॉचमन होता, जुना फौजी.

"साहेब, कर्जतहून एक मामा आलेत. मुलगा कॉम्प्युटरवर आहे म्हणतात." आणि त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट.

त्या फोनचा आवाज मोठा होता. मॅडमनी मान वर केली. दोन्ही ऑपरेटर माझ्याकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. कदाचित त्यांना एक शब्दही ऐकू गेला नसेल.

"नाही," मी म्हणालो. "इथं असं कोणी नाही."

आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांत चहाच्या निमित्तानं बाहेर पडायचं, दादांना पलीकडच्या टपरीवर न्यायचं आणि काहीतरी थाप मारायची, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण खुर्चीत बसलो, समोरच्या कागदावर नजर गेली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. नाव माझंच होतं, तरी मी नाही म्हणालो, कारण नावामागचं घर मला चालत नव्हतं. हा कोडही नुसत्या नावावर थांबत नसेल तर?

मी उत्तराची अगदी पहिली ओळ पाहिली. कोणता उपसर्ग कोणत्या पत्त्याचा, ते तिथं लिहिलेलं असतं. त्यालाच नेमस्पेस म्हणतात; हे नाव कोणाच्या घरातलं, एवढाच त्याचा अर्थ. गिऱ्हाइकानं मध्येच तो पत्ता बदलला होता, शेवटी एक नवा आकडा जोडला होता. आमचा कोड जुन्या वर्णनावरून तयार झालेला, त्याला जुनाच पत्ता माहीत. उपसर्ग कुठलाही लावा, तो बघायचा पत्ता, आणि दारात आलेल्या प्रत्येकाला परत पाठवायचा.

मॅडमना दाखवलं. "अगं बाई! तीन दिवस आपण भलतंच खरवडत बसलो होतो की रे!" नवं वर्णन मागवून कोड पुन्हा तयार करायला सोमवारपर्यंत वेळ नव्हता. म्हणून तयार कोडमध्येच जिथं जिथं जुना पत्ता होता तिथं आम्ही हातानं नवा घातला. एक जागा राहिली तरी यादी पुन्हा रिकामी. दोन तास गेले. शेवटी यादी भरून आली तेव्हा मॅडमनी माझी पाठ थोपटली, ऑपरेटर म्हणाले, आता चहा झालाच पाहिजे. आणि चहा म्हटल्यावर मला दादा आठवले. हो, तेव्हा आठवले. मला हवी ती शिवी घाला, मी सगळ्या घालून पाहिल्यात.

धावत फाटकावर गेलो. वॉचमनला म्हणालो, "दुपारी कोणी मामा आले होते ना?"

"गेले की ते. दीड तास त्या लिंबाखाली बसले होते. मला त्यांची दया आली. म्हटलं, ह्या नावाचे एक साहेब आहेत, पण आडनाव ते नाही. आणि तुमचं यादीतलं नाव वाचून दाखवलं. तर म्हणाले, परत वाचा. परत वाचलं. मग म्हणाले, न्हाई, ते आमचे न्हाईत, माझंच चुकलं." वॉचमननं हातांनी माप दाखवलं. "हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा होता त्यांच्या."

रविवारी कर्जतला गेलो. काय बोलायचं ते वाटभर घोकत होतो. आईनं दारातच सांगितलं, "आरं, दादा शुक्रवारी तुझ्याकडं आल्ते. पन फॅक्टरी चुकली म्हनं, दुसऱ्याच फॅक्टरीत गेल्ते."

"व्हय," आतून दादा म्हणाले. "तितं समद्या फॅक्टऱ्या सारख्याच दिसत्यात. लई मोठं हाय ते." ते माझ्याकडे बघून हसले. कशाला आला होता, विचारलं तर म्हणाले, "सहज. तुला बघावं वाटलं."

लिफाफ्याचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी फाटकावर चौकशी केली होती हे उघडं पडलं असतं. असा मी हुशार. जेवलो, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी पिशवीत घातली आणि नगरला परत आलो.

दीड महिन्यानं दादांना नगरच्या एका दवाखान्यात आणावं लागलं. पोटातली गाठ पसरली होती. डॉक्टर माझ्यावरच उखडले. "मी यांना दीड महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, आजच्या आज घरचं माणूस घेऊन या, सही लागेल, लगेच ऑपरेशन करू. संध्याकाळी एकटेच आले आणि म्हणाले, इथं माझं कोणी नाही. पुन्हा फिरकले नाहीत."

"तेव्हा केलं असतं तर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघणं टाळलं. "आता कसं सांगणार?"

त्या दिवशी मी दादांच्या खाटेशी बसलो आणि सगळं ओकून टाकलं. फोनवर मीच होतो, म्हणालो.

"ठावं हाय मला. फोनातनं ऐकू येत हुतं. तुझा आवाज मला वळकू येत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? तुझ्या खोलीत कोन कसं हाय, मला काय ठावं. तुझी नोकरी हाय ती."

"राग आला असेल तुम्हाला."

"राग न्हाई आला. वाईट वाटलं," ते म्हणाले. ते रागावले असते, त्यांनी कानाखाली वाजवली असती, तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी मॅडम मोसंबी घेऊन आल्या. रजा मागताना मी सवयीनं सांगून बसलो होतो, की गावाकडचं एक माणूस आजारी आहे. त्यांना बघून दादा कण्हत उठून बसले आणि त्यांनी हात जोडले. "नमस्कार, बाई."

नमस्कार! माझ्या जन्मात मी त्यांच्या तोंडून अनोळखी माणसाला 'जय भीम'शिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"झोपा, झोपा. तुम्ही याचे कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी ह्यांच्या गावचा. साहेबांनी लई मानुसकी केली बघा. न्हाईतर आमाला हितं कोन इचारतंय."

माझ्यानं राहवलं नाही. "मॅडम, हे माझे वडील आहेत."

दादा हसले. हसताना त्यांना खोकल्याची उबळ आली. "लई मायाळू हाय ह्ये पोरगं, बाई. गावातल्या समद्या म्हाताऱ्यांना वडीलच म्हनतंय."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती चांगला आहे रे तू," त्या म्हणाल्या. मी पुन्हा तोंड उघडलं, तर दादांनी माझं मनगट घट्ट धरलं. अंगात ताकद उरली नव्हती त्या माणसाच्या, कुठून आणली कोण जाणे. मी गप्प बसलो. मनगट सोडवून घेता आलं असतं मला, एवढं मी जाणतो.

मॅडम गेल्यावर त्यांनी विचारलं, "गेल्या का बाई?"

"गेल्या."

"मानूस चांगलं दिसतंय. टिकव."

नऊ दिवसांनी दादा गेले. आमच्यात वडील गेले म्हणून मुंडण करत नाहीत, त्यामुळे पंधरवड्यानं कामावर गेलो तेव्हा माझ्याकडे बघून कोणाला काही कळलं नाही. मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"ते तुझ्या गावचे काका कसे आहेत रे?"

"गेले."

"अरेरे. घरी कोण कोण आहे त्यांच्या?"

"बायको आहे. एक मुलगा आहे."

"मुलगा? कुठे असतो?"

"नगरलाच असतो."

"नगरला असून दवाखान्यात दिसला नाही कधी? शेवटी तरी आला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"काय एकेक पोरं असतात!" मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, "हो."