नव्या हौद्यातल्या बिबड्या

आमच्या ह्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, जळगावात. मागच्या वर्षी दुकानासाठी त्यांनी विजेवर चालणारी पिकअप घेतली. गाडी आली आणि घरातला माणूस गेला. रात्रंदिवस त्या गाडीचंच कौतुक. आवाज नाही, धूर नाही, डिझेल नाही. मान्य. गाडी चांगलीच आहे, गाडीवर माझा राग नाही. माझा राग तिच्या मालकावर आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

मागचा हौदा तर जसा देव्हाराच. ताडपत्री बांधायला कडेला हूक बसवून घ्या, म्हटलं, तर म्हणाले, "भोकं पाडली की वॉरंटी गेली." माल खाली टेकू नये म्हणून दोन फळ्या टाका, म्हटलं, तर म्हणाले, "ओरखडे पडतील." शेवटी काय केलं, तर हौद्याच्या मापाची जाड रबरी चटई कापून आणली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अशी दाबून बसवली की मुंगीला जागा नाही. हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी निघून जायला जी भोकं असतात, तीही तिच्याखाली गेली. मी विचारलं, तर मला म्हणाले, "तुला गाडीतलं काय कळतं?"

मला गाडीतलं कळत नाही. पाणी कुठून कुठे जातं ते कळतं. उभा जन्म मोरीपाशी गेलाय माझा.

वैशाखात माझ्या भाचीचं लग्न निघालं. माझी मोठी बहीण, अक्का, असोद्याला राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. पोरीला तिने एकटीने वाढवलं. लग्न धुळ्याला, मुलाकडच्या गावी. आणि अक्काने एकच हट्ट धरला होता: रुखवतातल्या बिबड्या मी माझ्या हातच्या देणार. भावकीतल्या बायका म्हणाल्या, विकत घे, आता कोण करतं? एक तर तोंडावर म्हणाली, "तुझ्याकडून नाही व्हायचं." झालं. अक्काने ज्वारी भिजत घातली.

बिबडी म्हणजे काय, हे ज्यांनी आयती खाल्ली त्यांना कळायचं नाही. भिजवलेली ज्वारी, लसूण, मिरची, तीळ, सगळं चुलीवर हाटायचं, घाटा चटचट उडतो आणि हात भाजतात. मग गरम गरम असतानाच ओल्या फडक्यावर पापडासारखं थापायचं आणि खाटेवर उन्हात वाळत टाकायचं. अक्काच्या गुडघ्यांना बसवत नाही, तरी ती बसली. आभाळ आलं की आत, ऊन आलं की बाहेर. कितीदा तिने त्या खाटा ओढल्या असतील, तीच जाणे. विधवा बाईने पोरीला काय दिलं, हे धुळ्याच्या बायका रुखवतात बघणार होत्या आणि अक्काला तिथे मान वर करून उभं राहायचं होतं. बाकी तिला काही नको होतं.

सामान न्यायला हे आपणहून तयार झाले. "बाहेरची गाडी कशाला? आपली आहे ना!" मलाही बरं वाटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी असोद्याला सामान भरायला घेतलं. बिबड्या बांबूच्या टोपल्यांत, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेल्या. प्लास्टिकमध्ये कोंडल्या तर घामेजतात, वास मारतात, म्हणून टोपल्याच. ह्यांनी नारळ फोडला, टोपल्यांना हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "मानाचं आधी चढवा." म्हणजे टोपल्या पार पुढे, केबिनला टेकून, खाली चटईवर. मग त्यांच्यावर गाद्या, मग लोखंडी कपाट, मग भांड्यांची पोती.

"अहो, जे पहिलं उतरवायचं ते पहिलं चढवतात का कुठे?" मी ओरडले. "मागे फाळक्याजवळ ठेवा, वर ठेवा, हाताशी राहू द्या!"

सगळ्या बायका माझ्यावरच उलटल्या. शुभाच्या वेळी वाकडं बोलू नये म्हणे. रुखवत का मागे टाकतात, कपाटाच्या नंतर? आमच्याकडे ही पद्धतच आहे, मानाची वस्तू पहिली. माणूस असो की टोपली, मान दिला की झालं. पुढे तिचं काय होतं ते कोणी बघत नाही.

अक्का पाहुण्यांबरोबर दुसऱ्या गाडीने आधीच निघाली. मी पिकअपमध्ये ह्यांच्या शेजारी. ताडपत्रीला हूक नाहीत, म्हणून दोरी गाडीच्या पोटाखालून घेऊन वरून आवळलेली. एरंडोलच्या पुढे वारा सुटला आणि असा पाऊस कोसळला की काच दिसेना. अवकाळी मेला, त्याला काय मुहूर्त असतो? हे मात्र शांत. "ताडपत्री नवी आहे, थेंब जायचा नाही."

पारोळ्याला पाऊस थांबला. तिथल्या एका हॉटेलात चार्जिंगची सोय आहे. भरलेल्या गाडीला बॅटरी जास्त लागते, म्हणून थांबलो. आणि तिथे ह्यांना साक्षात्कार झाला की चार्जिंगचं झाकण दोरीखाली दबलंय. त्यांनी दोरी सैल केली, ताडपत्री बाजूला ओढली. तिच्या वर साचलेलं तळं, अगं बाई, सगळंच्या सगळं भडाभडा आत गेलं. माझ्या डोळ्यांदेखत.

मी गाडीच्या मागे धावले आणि खाली वाकून बघितलं. शेजारच्या ट्रकमधून पाणी गळत होतं. आमच्या गाडीखाली टिपूस नाही.

"अहो, पाणी बाहेर येत नाहीये! सोडा ती ताडपत्री, टोपल्या काढा!"

"चार्जिंग चालू आहे. ओल्या हातांनी हात लावू नकोस, शॉक बसेल."

"मग बंद करा चार्जिंग!"

"धुळ्यापर्यंत पोचायचंय की नाही? आणि टोपल्या कपाटाखाली आहेत. इथे रस्त्यावर कपाट उतरवू? चहा घे, डोकं शांत होईल."

चहा डोंबलाचा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फाळक्याला धरून वर चढायला गेले, तर हॉटेलवाला हसायला लागला आणि ह्यांनी मला दंडाला धरून खाली ओढलं. चारचौघांत तमाशा नको म्हणे. बॅटरी भरेपर्यंत हे आरामात शेव-भाजी खात बसले. मी गाडीजवळ उभी होते आणि आत अक्काच्या बिबड्या पाणी पीत होत्या.

धुळ्यात कार्यालयाच्या दारात कपाट उतरलं, गाद्या उतरल्या, त्याही चिंब. टोपल्या उचलल्या तर लुगड्यातून पांढरट पाणी. आत बिबडी म्हणून राहिली नव्हती. लगदा. अक्काने लुगडं उघडलं, हात आत घातला, तसाच ठेवला. मी ह्यांना नाही नाही ते बोलले. सगळ्यांनी ऐकलं आणि मला त्याचं काहीएक वाटलं नाही. ह्यांच्याकडे बघत अक्काच मला म्हणाली, "पाहुण्यांले काही बोलू नको बाई. नवी गाडी हाये. गाडीले काही झालं नाही ना?"

त्यावर मी जी रडले, ती रागाने रडले.

हे लगेच बाजारात गेले आणि दुकानातल्या बिबड्या घेऊन आले. सकाळी पाकिटं फोडून अक्काच्या परातीत रचल्या, रंगीत दोऱ्याने सजवल्या आणि मला म्हणाले, "झालं ना काम? उगाच आकाशपाताळ एक केलंस."

मुलाची आई रुखवत बघायला आली, मागे तिच्या नणंदा-जावा. परातीपाशी थांबली, एक बिबडी हातात घेऊन उजेडात धरली. "विहीनबाई, ह्या बठ्ठ्या तुमन्या हातन्या का? कितल्या एकसारख्या शेतस!"

हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मला कोपराने हळूच ढोसलं. अक्काने नुसतं "हो, सगळ्या माझ्याच हातच्या" म्हणायचं होतं. भावकीतल्या त्या बायकाही तिथेच होत्या, कोणी तोंड उघडलं नसतं.

अक्का म्हणाली, "नाही. ह्या दुकानच्या हायेत. माह्या हातच्या होत्या त्या गाडीत भिजल्या. मागे घमेल्यात पडल्या, पाहायच्या असतील तर चला."

आणि गुडघा धरत, लंगडत, ती पुढे चालायला लागली. मुलाची आई तिच्यामागे गेली.

जळगावला परतताना हे पारोळा मागे पडल्यावर म्हणाले, "अक्काने चारचौघांत माझी लाज काढली."

मी म्हटलं, "तिची गेली असती तर चालली असती ना तुम्हाला?"

आवाज न करणारी गाडी ती. घर येईपर्यंत कशाचाच आवाज झाला नाही.