कोंबडा की कोंबडी? पाटणच्या करवंदांची एक खेप

मे महिना सरत आला की माझं शरीर सांगलीत असतं आणि जीभ पाटणच्या डोंगरात. आता गुडघे एसटीची पायरी बघूनच कुरकुरतात, तरी नव्वदच्या दशकातली ती एक खेप काही विसरवत नाही. रानमेव्यासाठी कुणाला तिकडं जायचं असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

मी पोस्टातला माणूस. पत्रांची वर्गवारी करण्यात हयात गेली. शाळेतल्या कविता मात्र न वाटलेल्या टपालासारख्या डोक्यात पडून आहेत, कधीही बाहेर येतात. माझी मुलगी वसुधा तेव्हा एम.एस्सी. करत होती. रानफळांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं तपासायची, असा तिचा प्रकल्प. तिचे सर म्हणायचे, "द्राक्षांवर कर की! दारात मिळतात." पण ही करवंदांवर अडून बसली. आधी कुणाकरवी मागवलेली करवंदं प्लॅस्टिकच्या पिशवीत आंबून आली, तेव्हा सरांनी निर्वाणीचं सांगितलं: सोमवारी सकाळी ताजी फळं टेबलावर, नाहीतर द्राक्षं. वळीव दोनदा झोडपून गेला होता. अजून एक तडाखा बसला असता तर करवंदं पुढच्या वर्षीच.

तिला प्रयोगाची तयारी करायची होती, म्हणून रविवारी मी निघालो.

"बाबा, एक उन्हातली जाळी, एक सावलीतली. उन्हानं फरक पडतो का ते बघायचंय. दोन्ही वेगळी आणा, मिसळू नका."

"अगं, मी पोस्टात आहे," मी ऐटीत म्हणालो.

पहाटेची पहिली एसटी धरली. इस्लामपूर, कराड, मल्हारपेठ करत पाटण. कराडच्या स्टँडवर चहा आणि गरम वडा. पाटणपासून पुढं वडापची, भरली की सुटणारी जीप. पुढं ड्रायव्हरसकट चौघं, मागं किती ते मोजू नये. कोयनेच्या बाजूनं डोंगर जवळ आले तशी मला शाळेतली बाकं, फळा, छातीवर हात बांधून म्हटलेल्या कविता सगळं आठवायला लागलं. ओठ हलत असावेत, कारण शेजारची बाई जरा सरकून बसली.

रस्त्याच्या कडेला सोनाबाई भेटल्या. पाटीत करवंदं, पळसाच्या पानांचे द्रोण, वर मिठाची पुडी. मी काम सांगितलं.

"म्हंजी खायाला न्हाई व्हय?"

"तपासायला. यातली द्रव्यं शरीराला चांगली असतात म्हणे."

"ते तपासाया कशाला पायजे? आमी काय मेलोय व्हय?"

मी वसुधाकडून ऐकलेलं सांगितलं. चिरलेलं वांगं हवेनं काळं पडतं ना, तशी झीज आपल्या अंगातही चालू असते. फळांच्या रंगात, आंबटपणात, तुरटपणात तिला आवरणारं काहीतरी असतं. सोनाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग चला वर. पर चपला काढू नगासा, काटं लय वंगाळ."

उघड्या बरडावरची एक जाळी, आंब्याखालची एक जाळी. तासाभरात हात ओरबाडून निघाले, सदऱ्याला चीक लागला, ओठ चिकटले. सोनाबाईंनी दोन बोचकी बांधून दिली. आत पानं, मग फळं, मग पुन्हा पानं. मीठ घालायला निघाल्या होत्या, मी हात धरून थांबवलं. (तुम्हीही पानांतच न्या. प्लॅस्टिक नको.)

कराडची गाडी चुकली. साताऱ्याकडं जाणारी धरून उंब्रजला उतरलो आणि हायवेवर सांगलीची वाट बघत बसलो. गरम कांदाभजी घेतली. बाकावर शेजारी रजेवर आलेला एक फौजी होता. त्यानं बोचक्याचा वास ओळखला.

"करवंदं? लावा मग, काका. कोंबडा का कोंबडी?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: करवंद दातांनी फोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आधी सांगायचं. चुकला तो हरला.

एकच, म्हणून सुरुवात केली. मी कोंबडा म्हटलं की कोंबडी निघायची.

"आवं काका, तुमी निस्तं हरतायसा! त्या दुसऱ्यातलं काढा, नशीब बदलंल."

दुसरं बोचकं सोडलं. तिथंही हरलो. तेवढ्यात सांगली गाडी आली, पळापळ झाली आणि हाताला लागलं ते हाताला लागलेल्या फडक्यात कोंबलं.

घरी वसुधानं विचारलं, "उन्हातली कुठली?"

मी दोन्ही बोचकी सोडली. दोन्हींत सगळं एकत्र. आयुष्यभर टपालाची वर्गवारी केलेला माणूस पोरीसमोर मान खाली घालून उभा. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "जाऊ दे बाबा. द्राक्षं तर द्राक्षं." मग उगाच एक करवंद उचलून तिनं ब्लेडनं कापलं.

"कोंबडी," माझ्या तोंडून सवयीनं निघालं.

ती थांबली. दुसरं कापलं. लालभडक. मग डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. "बाबा, ऊन-सावली राहू दे. हीच वर्गवारी करू या! लाल आणि पांढरी!" सकाळी सरांच्या टेबलावर बाप-लेकीनं मिळून कापलं आणि दोन बशा भरल्या. द्राक्षं टळली.

तिच्या चाचण्यांत लाल गराचा अर्क सरस ठरला. सरांनी मात्र बजावलं की परीक्षानळीत झालं ते पोटातही होईलच असं नाही. म्हणून मीही सांगतो, करवंद औषध नव्हे. हंगामात मूठभर खावं, कच्चं जास्त खाऊ नये, आणि ज्याला पथ्य असेल त्यानं डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या मे महिन्यात प्रकल्पाची बांधीव प्रत सोनाबाईंना दाखवायला नेली. त्यांनी ती उलटसुलट केली, हुंगली आणि विचारलं, "काय निघालं ह्यात?"

"लाल करवंद जास्त गुणाचं."

"म्हंजी एवढं शिकून बी शेवटी कोंबडाच जितला म्हना की!"

घरी येऊन वसुधाला हे सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, "बाबा, ह्या बाई आधी भेटल्या असत्या तर निष्कर्षाची चार पानं लिहायची वाचली असती."

सदऱ्यावरचा डाग अजून गेलेला नाही. वसुधा आता दूर असते, पण मे लागला की तिचा फोन येतो आणि ती आधी तब्येत विचारत नाही, विचारते, "बाबा, कोंबडा की कोंबडी?"

मी बाजारातलं करवंद हातात घेऊन अजून कोंबडाच सांगतो, मग फोडतो. अजून हरतो.