पुसट उत्तरं

रेश्मा माझ्या वर्गात सराव परीक्षेचा पेपर पेन्सिलीनं लिहीत होती. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून ती ब्लाऊज शिवतेय. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली आहे. पास झाली तर शिवणकामाच्या डिप्लोमाला प्रवेश मिळेल. बोर्डाचा पहिला पेपर सोमवारी, आणि हिच्या हातात अजून पेन्सिलच.

"अगं, पेननं लिही. बोर्डात हे चालणार नाही," मी म्हणाले.

"बाई, पेन घेतलं की कात्री चालवल्यासारखं वाटतं. खडूची रेघ झटकता येते, कापलेलं कापड परत नाही जुळत."

मी तिच्या पुसट ओळी वाचत राहिले. उत्तरं बरोबर होती. एकदा शाळा सुटली की माणसाला आपलं बरोबर असलेलंसुद्धा पुसण्याची सोय लागते का? ती सोय मी काढून घेतली आणि निकाल वाईट लागला, तर ही पुन्हा या वर्गाची पायरी चढेल? तरी मी माझं पेन तिच्यापुढे धरलं.

तिनं ते घेतलं नाही. टेबलावर उघड्या पडलेल्या हजेरीवहीकडे बघत हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीपण आमची नावं पेन्सिलीनंच लिहिता की."

खरं होतं. मुली मध्येच वर्ग सोडून जातात, म्हणून मी तशीच लिहीत आले. मी हजेरी पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं, आणि तिच्या नावापाशी येऊन माझाच हात थांबला.