चित्रातल्या गाडीला कुंकू

चौसाळ्याला हायवेवर माझ्या ओळखीचा एक ट्रॅक्टर मिस्त्री आहे. गिऱ्हाईक समोर असलं तरी तो बोलतो इंजिनाकडे बघूनच. चोवीस-चोवीस तास चालणाऱ्या मोटारींच्या शर्यती मोबाईलवर बघतो. त्यातल्या एका निळ्या गाडीचं चित्र त्यानं पान्यांच्या वर चिकटवलंय.

खंडेनवमीला तो पाने-पकडी पुजत होता. मी म्हणालो, "तुमच्या ह्या निळ्या गाडीची कंपनी शर्यतीतून अंग काढून घेणार म्हणतात. चित्र काढता का आता?"

"कावून?" त्यानं दारातल्या जुनाट ट्रॅक्टरकडे मान वळवली. "ह्याची कंपनी कवाच बुडाली. नांगरायचा थांबलाय का ह्यो?"

शर्यतीची गाडी कंपनीशिवाय पळत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं चित्राला कुंकू लावलं आणि इंजिन तापलंय का बघावं तसा हात तिथंच ठेवला.