गोपनीय रकाना

लालबागच्या चुडामणकाकांच्या पोटात किती घरांची गुपितं दडलीत, हे पोटाच्या घेरावरूनच ध्यानात यावं! समाजाच्या वधू-वर केंद्राचे ते अठरा वर्षं चिटणीस. हजारावर स्थळं कॉम्प्युटरात, आणि प्रत्येकापुढे एक गोपनीय रकाना: कुणाला फिट येते, कुणाचं आधी एकदा मोडलं. 'माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही,' हा काकांनी घरोघरी दिलेला शब्द. म्हणूनच मुख्य पासवर्ड त्यांनी कुठे लिहिला नाही, बायकोला, अलकाकाकूंनाही, सांगितला नाही. दिवाळीत बदलला आणि तुळशीच्या लग्नापर्यंत स्वतःच विसरून बसले.

रविवारी परिचय मेळावा. परका माणूस बोलवावा, तर साऱ्या समाजाची अब्रू त्याच्या हाती! शेवटी वैजयंतीला निरोप धाडला. नेपानगरच्या मिल कामगाराची लेक, इथून जवळच्याच दापोऱ्याच्या केळीवाल्यांची सून, कॉलेजातले कॉम्प्युटर सांभाळते. पण काकांची धाकधूक वाढलीच. लग्नाआधी तिचंही नाव इथे होतं, आणि त्यापुढे काकांच्याच हातचं काहीबाही.

काकांच्या घरी येताच तिनं आधी इंटरनेटची वायर उपटली. "आता डेटाबेस बंद करून, पासवर्ड न विचारता चालू करते. पाच मिनिटं घराला दारच नाही समजा. बाहेरून कुणी शिरायला नको."

"म्हणजे तुला सगळं दिसणार?"

"पाहिलं तर दिसेल, काका."

काळ्या पडद्यावर तिनं दोन ओळी लिहिल्या. आठ दिवस काका जे दार एकेका देवाचं नाव टाकून ठोठावत होते, ते हूं की चूं न करता उघडलं!

ती उठली. "बसा. या दोन खुणांच्या मधे नवा पासवर्ड टाका, एन्टर मारा, मग हे बटण दाबून पडदा पुसा." आणि सरळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"अगं, तुझंही आहे यात," काका पुटपुटले.

"असेल ना. चष्मा लावा, गलत टाईप झालं तर फिरून सगळं करावं लागेल."

एका बोटानं टकटक चालली. ती वळली नाही. पडदा पुसल्यावरच तिनं डेटाबेस नेहमीसारखा सुरू केला, तो पासवर्ड मागतोय याची खात्री केली आणि वायर जोडली.

अलकाकाकू चहा घेऊन आल्या, त्या कान टवकारूनच. "काय काय दिसलं गं?"

"भिंतीला पोपडे आलेत, काकू."

समाजाच्या अध्यक्षांसाठीही खुर्ची न सोडणारे चुडामणकाका अनवाणीच तिच्या मागे फाटकापर्यंत गेले. स्कूटी वळणाआड गेली तरी त्यांचे हात जोडलेलेच होते.