बोटीवर वरखर्चाला किती?

ऑफिसात फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फरक इतकाच, की किस्से कुणी पेंडिंग ठेवत नाही!

गोव्याची बोट रत्नागिरीला लागायची तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी बायकांसह बोटीने गोव्याला जायचं ठरवलं आणि चार महिने एकच चर्चा: वरखर्चाला किती घ्यायचे?

हेडक्लार्क गोगटेअण्णांनी रीतसर टिपण केलं. माणशी साठ रुपये, त्यात चहा चार वेळा. सावंताने विचारलं, पाचवा प्यावासा वाटला तर? अण्णांनी चष्मा वर केला. "त्याला वेगळी मंजुरी लागेल."

सावंताच्या बायकोने चोरांच्या धास्तीने शंभराच्या तीन नोटा त्याच्या बनियनला आतून शिवून टाकल्या. बोटीवर सरबत घ्यायला गडी भर डेकवर शर्ट काढून बसला, ब्लेडने टाके उसवले, नोट पुढे केली. सरबतवाला म्हणाला, "सुटे द्या."

आमचा शिपाई तांडेल मिरकरवाड्याचा, मासेमारांच्या वस्तीतला. समुद्रावर जाताना खिशात पैसे ठेवायची त्यांच्यात पद्धतच नाही, खर्चणार कुठे? पण या खेपेला तो टेबलाटेबलाशी विचारत फिरला, बोटीवर दोघांचं जेवण केवढ्याला पडतं? त्याच्या बायकोचा, पारूचा जन्म डोक्यावर मासळीची पाटी वाहण्यात गेलेला, घरातही जेवायला शेवटी. "तिला एकदा बोटीवर बसून दुसऱ्यान वाढलेला जेवायचा हाय," तो म्हणाला. त्यासाठी पठ्ठ्याने चार महिने विडी सोडली होती.

पूर्णगड मागे पडलं आणि बोट अशी डोलू लागली की जेवणाची घंटा झाली तेव्हा आम्ही सगळे कठड्याला! अण्णा कण्हत म्हणाले, "चला, जेवणाचे वाचले."

मी डोकं धरून डायनिंग हॉलच्या दाराशी बाकावर पडलो होतो, म्हणून पुढचं पाहायला मिळालं. आत फक्त तांडेल आणि पारूवैनी. पांढऱ्या टेबलक्लॉथवर ताटं, आणि एक पिकल्या मिशांचा वेटर अदबीने वाढतोय. वैनी ताठ बसून, सावकाश, पोटभर जेवत होत्या. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

तिसऱ्यांदा भात घेताना वैनींनी वेटरला विचारलं, "तुमी जेवलाव?"

"सगळ्यांचं झालं की."

वैनी उठल्या. त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, हातातला डाव काढून घेतला, त्याला वाढलं आणि तांडेलकडे वळल्या.

"तुमाला आनिक भात?"